गणेशा सिटीत विसर्जन कुठे करतात?

भाच्याने टीव्हीवर गेमची झलक लावली तेव्हा आई शेजारीच वाती वळत बसली होती. पडद्यावर परग्रहावरचं शहर, इमारतींच्या मधून सुसाट जाणारी यानं, इंग्रजी शिव्या हासडणारं एक माकड. शहराचं नाव 'गणेशा सिटी'. नाव कानावर पडताच आईने मान वर केली. मिनिटभर बघितलं आणि विचारलं, "आणि विसर्जन कुठे करतात रे हे लोक?"

भाचा खो खो हसला. मला हसू आलं नाही. या गेमबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, पण इतका नेमका प्रश्न कुठे वाचलेला नाही.

गेम म्हणजे 'बियाँड गुड अँड ईव्हिल २'. पहिला भाग २००३ साली आला. हिलिस नावाच्या ग्रहावरची जेड ही फोटो काढणारी पत्रकार, डुकराच्या तोंडाचा तिचा काका पेज, आणि लोकांपासून दडवलेलं एक भयंकर सत्य. खप बेताचाच झाला. पण ज्यांनी तो खेळला ते त्याला विसरले नाहीत. दुसऱ्या भागाची पहिली झलक मे २००८ मध्ये दिसली. त्या वर्षी जन्मलेलं पोर आता बारावीच्या वयाचं झालं. गेम अजून आलेला नाही.

उशिराचा जुना विक्रम 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर'च्या नावावर होता. १९९७ मध्ये घोषणा, २०११ मध्ये प्रकाशन. २०२२ मध्ये जेडच्या गेमने तोही मोडला.

मधल्या काळात काय घडलं? जून २०१७ मध्ये लॉस एंजेलिसला यूबीसॉफ्ट कंपनीने मोठा गाजावाजा करून गेम नव्याने जाहीर केला. मूळ कर्ता मिशेल आन्सेल मंचावर गहिवरला होता. आता कथा पहिल्या भागाच्याही आधीच्या काळात गेली होती. माणूस दूरच्या ताऱ्यांपाशी वसाहती करतो आहे, त्यात भारतीय आणि चिनी संस्कृतीचा वरचष्मा आहे, आणि राबवून घेण्यासाठी अर्धे माणूस-अर्धे पशू असे संकरित जीव मुद्दाम जन्माला घातले आहेत, अशी ही कल्पना. मला ती मनापासून आवडली. उद्याचं जग म्हणजे उंच केलेलं न्यूयॉर्क, हा हट्ट कुणीतरी सोडला होता. त्याच सुमारास एक चाचणी-दृश्यही दाखवलं गेलं. शहरात गजमुखी देवाची अवाढव्य मूर्ती, आणि तिथून उडालेलं यान कुठेही न अडखळता थेट अवकाशात. खाली शहर ठिपक्याएवढं.

मूर्ती किती मोठी आहे ते दिसलं. तिच्यापुढे हात जोडणारा माणूस कसा जगतो, ते दिसलं नाही. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती पुरेशी मोठी आहे.

शहराला गणपतीचं नाव दिलं की त्याच्यामागून प्रश्नांची रांग येते. चतुर्थी चंद्रावरून ठरते. आकाशात दोन चंद्र असले तर तिथी कुठल्या चंद्राची धरायची? त्या रात्री चंद्र बघू नये म्हणतात. मग दोघांपैकी कुणाकडे पाठ फिरवायची? दूर्वा कोण उगवतं? मोदकाच्या सारणाला नारळ कुठून येतो? पाणी मोजून मिळणाऱ्या वसाहतीत मूर्ती बुडवायची परवानगी कोण देतं, आणि ती नाकारली तर मोर्चा कुठे निघतो? याच गेममध्ये शनी नावाची एक तरुणी आहे. इस्रायलमध्ये मुलीचं हे नाव सहज असतं. पण गणेशाच्या नावाच्या शहरात 'शनी' अशी हाक आली की आपल्याला शिंगणापूर आणि साडेसाती आठवणार. त्या शहरात लेकीचं असं नाव ठेवणाऱ्या आईबापांची गोष्ट मला ऐकायची आहे. ती गोष्ट असेल तर नाव जिवंत. नसेल तर नुसता आवाज.

या प्रश्नांची उत्तरं शोधायला परग्रहावर जावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून माणसं करारावर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत राबायला गेली. सोबत गणपती गेला. आज त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. परक्या मातीत राबवायला नेलेली माणसं आपला देव कसा टिकवतात, त्यात काय गळतं आणि काय नवं चिकटतं, हे सगळं तिथे घडून गेलं आहे. गेममधल्या त्या संकरित मजुरांची गोष्ट लिहिणाऱ्याने यापासून सुरुवात करावी.

दुसरं उत्तर अमेरिकेतल्या माझ्या मावसबहिणीच्या घरी आहे. तिथे गणपती आरतीला शनिवार-रविवारची वाट बघतो, कारण बाकीचे दिवस नोकरीचे. विसर्जन बादलीत. शाडूची मूर्ती पाण्यात सोडली की आधी बुडबुडे येतात, मग सोंडेच्या टोकाचा रंग सुटतो, आणि सकाळी बादलीच्या तळाशी राखाडी गाळ उरतो. तो गाळ ती कुंडीत घालते. तिच्या लेकीला विसर्जन म्हणजे बादलीच माहीत आहे, आणि त्या पोरीच्या डोळ्यांत येणारं पाणी गिरगाव चौपाटीवरच्या पाण्याइतकंच खारं आहे. आपल्याकडे कृत्रिम तलाव आलेच की. प्रथा अशी बदलते. गरजेने, खळखळ करत, घरातल्या कुणाच्या तरी हट्टाने. संस्कृतीचं भविष्य लिहायचं म्हणजे हा बदल लिहायचा.

'हे सगळं करायला वेळ लागतो' असं कुणी सांगेल. वेळ कशात जातो ते बघू. अखंड, न थांबणारं विश्व उभं करणारं तंत्र घडवण्यात वर्षं जातात. माणसं बदलतात. आन्सेल सप्टेंबर २०२० मध्ये बाहेर पडला. त्याच्यानंतर सर्जनाची धुरा वाहणारा एमिल मोरेल २०२३ मध्ये ऐन चाळिशीत वारला. प्रत्येक बदलाबरोबर घडी विसकटते, पुन्हा घालावी लागते. हे दुःख खरं आहे, त्याची मी थट्टा करणार नाही. पण आईचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता आला असता. त्याला ना संगणक लागतो, ना पैसा. फक्त तो प्रश्न ज्याला पडतो असा माणूस खोलीत बसलेला लागतो.

२०१८ मध्ये या गेमसाठी चाहत्यांकडूनच चित्रं आणि संगीत मागवण्याची योजना निघाली. गेममध्ये जे वापरलं जाईल त्याचे पैसे मिळणार होते. कलाकारांनी तेव्हाच आवाज उठवला, आणि बरोबर उठवला. मेहनत सगळ्यांची आणि मोबदला निवडक तुकड्यांचा, हा व्यवहार वाईट. आणखी एक नुकसान आहे. तुकडे गोळा करून भिंती सजतात, घर होत नाही. जाणकाराला नेमायचं, पगार द्यायचा, नाव द्यायचं, आणि 'हे चुकलं' म्हणण्याचा अधिकार द्यायचा. यूबीसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे, म्हणजे खुद्द कसब्याच्या गणपतीच्या गावात. असा माणूस शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

पुण्याचं नाव निघालंच आहे तर दोन गेम सांगतो. 'राजी' पुण्यातल्या छोट्या चमूने केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी २०२० मध्ये गेम आला, पहाडी चित्रशैली आणि राजस्थानी वास्तूंचा रंग घेऊन. सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' तर सरळ भविष्यातला, विरलोक नावाच्या ग्रहावरचा. २०२२ मध्ये जाहीर झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाइलवर उतरला. दोन्हींत उणिवा आहेत, आणि पैशाच्या बाबतीत त्यांची युरोपातल्या कंपन्यांशी बरोबरी नाही. पण त्यांनी आपला आवाका ओळखला आणि काम पुरं केलं.

पेणला गणपतीच्या कारखान्यात एकदा दिवसभर बसलो होतो. साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्ती, वाळत घातलेल्या रांगा, रंगाचा वास. सगळ्यात शेवटी आखणी. डोळे आखणारे काका ज्येष्ठ होते. ते हात लावत तेव्हा आसपासचं बोलणं आपोआप थांबे. बारीक कुंचला, अडवून धरलेला श्वास, एक रेघ. मी विचारलं, "काका, घाईत एखादी चुकते का?" म्हणाले, "तारीख देव ठरवतो. आपण किती मूर्ती घ्यायच्या, ते आपण ठरवायचं."

गेम करणाऱ्या प्रत्येक कार्यालयात हे वाक्य भिंतीवर लावावं. चतुर्थी पुढे ढकलता येत नाही, म्हणून पेणचा माणूस पेलतील तेवढ्याच मूर्ती घेतो, आणि डोळ्यांसाठी वेळ राखून ठेवतो. ज्यांना तारीखच नसते ते मूर्ती मोठी करत राहतात. डोळे आखायचे राहून जातात.

मला हा गेम यायला हवा आहे. माझ्या देवाच्या नावाचं शहर जगभरच्या पोरांनी पाहावं, तिथल्या गल्ल्यांत हरवावं, असं मला वाटतं. म्हणून मागणं एकच. पुढची झलक दाखवाल तेव्हा ग्रह राहू द्या, यानांचा ताफा राहू द्या. गणेशा सिटीतलं एक घर दाखवा, विसर्जनाच्या दिवशीचं. दारात एक बादली, आणि ती उचलायला कुणाचाच हात पुढे होत नाहीये. आई बघेल. मी तिच्या शेजारी बसेन.