हाताची जागा

पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबर संपत आला की दूध-अंडी घ्यायला आलेली माणसंसुद्धा नारिंगी जाकिटात दिसू लागतात. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. पूर्वी तो सोमवारी उघडायचा, 2019 पासून शनिवारी उघडतो. पण बऱ्याच शाळा अजून सोमवारची सुट्टी सोडायला तयार नाहीत. मिळालेली सुट्टी परत करू नये, हे शहाणपण जगभर सारखंच.

मी मुलीकडे मुक्कामाला होतो. शेजारी पंचाहत्तरीचे गृहस्थ. वडिलांची रायफल विकावी की ठेवावी, या विचारात ते महिनाभर होते. एका सकाळी त्यांनी दोन जाणकार बोलावले आणि तिसरा म्हणून मला. मी कोकणातला, आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, एवढं मी एकदा बोलून गेलो होतो. ती बंदूक रानडुकरांपेक्षा पोलिसांनीच जास्त पाहिली होती, कारण निवडणूक आली की ती चौकीत जमा व्हायची. हे मात्र मी सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर पसरून तिच्यावर रायफल ठेवली होती. विंचेस्टर 94. सिनेमातले काउबॉय चापाभोवतीची कडी खाली-वर करून खट्-खटाक् आवाज काढतात, त्या जातीची. जॉन ब्राउनिंग यांची ही रचना 1894 साली बाजारात आली आणि अशा सत्तर लाखांहून अधिक रायफली निघाल्या. म्हणजे दुर्मिळ म्हणावी, तर आपल्याकडच्या शिलाई मशीनइतकीच दुर्मिळ.

पहिले जाणकार संग्राहक. हातात सुती मोजे, खिशात भिंग. दुसरा शेजाऱ्यांचा पुतण्या, शिकारी. त्याच्या बुटांना चिखल होता, तो त्याने दाराशी झटकला, सगळा नाही. संग्राहकांनी आधी कडी खाली ओढून आत एकही काडतूस नाही याची खात्री केली. मग पुतण्याने तेच परत केलं. एकमेकांवर विश्वास नसणं ही तिथे सभ्यता आहे.

संग्राहकांनी रायफल उलटी करून पोटावरचा क्रमांक वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. क्रमांक पंधरा लाखांच्या पुढचा आणि वीस लाखांच्या आतला. पंधरा लाखावी रायफल 1948 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना भेट दिली गेली आणि वीस लाखावी 1953 मध्ये आयझेनहॉवर यांना. ‘‘म्हणजे ही त्या दोघांच्या मधली,’’ ते म्हणाले. पत्रिकेवरून जन्मवेळ काढणाऱ्या गुरुजींचं समाधान त्यांच्या आवाजात होतं. 1964 पासून कारखान्याने खर्च वाचवायला आतले काही भाग घडवण्याऐवजी पत्र्यातून ठोकून काढले. तेव्हापासून या रायफलींचे चौसष्टच्या आधीच्या आणि नंतरच्या असे दोन वर्ग झाले. कुळी पाहताना आधी सालच विचारतात.

मग भिंग निघालं. स्क्रूंच्या खाचा नीट आहेत का? त्या फाटलेल्या असल्या की कुणीतरी घरगुती कारागिराने पोट उघडलं होतं असं समजावं. दुर्बीण बसवायला भोकं पाडलीत का? या रायफलीची रिकामी काडतुसं डोक्यावरून बाहेर उडतात, त्यामुळे दुर्बीण वर बसवायची पंचाईत, म्हणून लोक बाजूला भोकं पाडत. शिकाऱ्याची सोय झाली, संग्राहकाचे पैसे बुडाले. इथे भोकं नव्हती. संग्राहक खूश झाले, पुतण्याचं तोंड उतरलं. चष्मा लागलेल्या माणसाने नळीच्या टोकावरच्या नुसत्या माशीवर नेम धरायचा म्हणजे नेम कमी आणि नवस जास्त.

‘‘नळी बघायचीय?’’ संग्राहकांनी मला विचारलं. या रायफलीच्या नळीत मागून डोळा लावता येत नाही, पाठ बंद असते. मग कडी उघडायची, वरच्या खिडकीत अंगठ्याचं नख तिरकं धरायचं आणि तोंडाकडून आत बघायचं. नखावर पडलेला उजेड नळीत शिरतो. रिकामी आहे हे दोनदा पाहूनही बंदुकीच्या तोंडाला डोळा लावताना माझी सगळी हयात नजरेसमोरून गेली. आणि मग दिसलं ते : लखलखीत पोलादात गिरकी घेत लांब गेलेले पन्हाळ. गोळी याच गिरकीतून फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते.

पाठ बंद असल्यामुळे नळी साफ करण्याची सळईही तोंडातूनच घालावी लागते. सळई वर्षानुवर्षं काठाला घासते, काठ झिजतो आणि नेम बिघडतो. ‘‘गोळ्यांनी खराब झालेल्या रायफली मी थोड्याच पाहिल्या,’’ संग्राहक म्हणाले, ‘‘काळजीने खराब झालेल्या पुष्कळ.’’

हे वाक्य मला लागलं. का, ते पुढे सांगतो.

शेवटी दोन दोष निघाले. दस्त्याच्या टोकाला वडिलांनी चाकूने आपली आद्याक्षरं कोरली होती. संग्राहक हळहळले. कोरलेलं नाव प्रसिद्ध माणसाचं असेल तर किंमत चढते, नसेल तर उतरते. मला हे गणित काही पटेना. आमच्या घरात पातेल्यापासून चमच्यापर्यंत सगळ्यावर नाव आणि तारीख घातलेली आहे, आणि त्यातलं कुणीही प्रसिद्ध नाही. नावाशिवायचं भांडं ते आपलं कसं?

दुसरा दोष चापाच्या पुढे, रायफलीच्या पोटावर. पोलादावरचा निळा-काळा मुलामा बाकी सगळीकडे शाबूत होता, तिथे मात्र उडून चांदीसारखं पोलाद उघडं पडलं होतं. तळहाताएवढी जागा. एका हातात धरून चालताना रायफल बरोबर तिथे तोलली जाते. संग्राहकांनी वहीत टक्के कमी केले. पुतण्याने काही न बोलता रायफल उचलली. त्याचा हात नेमका त्या जागेवर बसला. शेजाऱ्यांनी ते पाहिलं आणि कॉफी ओतायला उठले. कॉफी सगळ्यांच्या कपात होतीच.

‘‘नवा मुलामा दिला तर?’’ त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

‘‘अजिबात नको,’’ संग्राहक म्हणाले. ‘‘मग हिला काहीच किंमत राहणार नाही.’’

आता माझं दुखणं. माझ्याकडे आजोबांचा पितळी अडकित्ता आहे. तो पुण्याच्या जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याला दाखवावा असं मनात आलं, आणि पाहुण्यांपुढे जाणाऱ्या मुलासारखा मी त्याला आदल्या रात्री चिंच लावून घासला. विक्रेत्याने तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, ‘‘घासलात होय?’’ मी अभिमानाने हो म्हणालो. ‘‘आधी आणायचात,’’ एवढं बोलून त्याने तो परत दिला. तेव्हा मला वाटलं, पैशांचंच नुकसान झालं. खरं नुकसान त्या टेबलापाशी उमगलं. अडकित्ता सगळा काळपट होता आणि फक्त मुठीवर, आजोबांच्या बोटांच्या जागी, उजळ होता. मी तो सगळाच उजळ केला. त्या झगझगाटात आजोबांची बोटं हरवली.

रायफल विकली गेली नाही. संग्राहकांनी जाताना एकच विनंती केली, ‘‘पावसात नेऊ नका.’’ शनिवारी पहाटेपासून पाऊस होता. पुतण्या अंधारातच निघाला. संध्याकाळी हात हलवत आला आणि रायफल पुसत बसला.

आता पुण्यात परत आलोय. सुपारी डॉक्टरांनी बंद केली आहे, पण आल्यागेल्यासाठी मीच कातरतो. अडकित्ता पुन्हा काळवंडू लागलाय. परवा ही म्हणाली, ‘‘किती कळकट झालाय! आमटीला चिंच भिजवलीच आहे, घासून टाकू का?’’

‘‘राहू दे,’’ मी म्हटलं, ‘‘मी धरतो तिथे उजळच आहे.’’