पास्कलवाले तात्या

वस्तू घेणारी माणसं दोन जातींची. पहिल्या जातीचा माणूस दुकानात शिरतो, भाव विचारतो, थोडं ताणून बघतो आणि खोकं काखेला मारून घरी येतो. दुसऱ्या जातीचा माणूस वस्तू घेत नाही. वस्तूवर चौकशी बसवतो. साताऱ्याच्या पेठांमधून आणि सांगलीच्या गावभागातून ही दुसरी जात अजून चांगली धरून आहे. वय साठीच्या पुढं. नोकरी बहुधा बांधकाम खात्यातली, नाहीतर पाटबंधाऱ्यातली. शर्टाच्या खिशात दोन पेनं, पँटच्या खिशात टेप. गल्लीत कुणाला फ्रीज घ्यायचा असेल तर त्यानं आधी यांच्या कानावर घालायचं असतं. घेतल्यावर सांगितलं तर फ्रीजची उरलेली हयात त्यातल्या खोडी ऐकण्यात जाते. नाव काहीही असो, गल्ली त्यांना तात्या म्हणते.

आमच्या तात्यांच्या चौकशीला आजवर पाण्याची टाकी, इन्व्हर्टर, दोन जावई आणि एक कवळी सामोरी गेलेली आहे. त्यांतले जावई तेवढे लवकर सुटले.

तर सांगलीला दिलेल्या थोरल्या लेकीनं एकदा फोनवर सांगितलं, "तात्या, ते आपोआप केर काढून फरशी पुसणारं रोबोटचं यंत्र असतं ना, ते घेतेय. आईचे गुडघे दुखतात, तुमच्याकडंही एक पाठवते." इथं थांबली असती तर सगळं निभावलं असतं. पण पोरगी बापाच्या वळणावर गेलेली. ती पुढं म्हणाली, "कुठलं घेऊ?"

तात्या ताठ बसले. "यंत्राचं नंतर बघू," ते म्हणाले, "आधी फरशी कुठली ते बोल."

तात्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे मान्य केलं पाहिजे. आपल्याकडच्या घराला एक फरशी नसते. तात्यांचं साताऱ्यातलं घर म्हणजे तीन पिढ्यांच्या ऐपतीचा जमाखर्च. आजोबांच्या वेळी सगळीकडं शेणानं सारवलेली जमीन होती, फक्त मधल्या चौकात काळ्या पाषाणाची फरसबंदी. ती अजून आहे. वडिलांनी सोप्यात शहाबादी घातली. कलबुर्गीकडचा तो राखाडी चुनखडीचा दगड त्या काळी निम्म्या महाराष्ट्राच्या पायाखाली आला. पुढं माजघरात मोझॅक आलं. मशीन लावून ते घासताना आठवडाभर घरात पांढरा चिखल होता, ही हकिगत काकू अजून सांगतात. स्वयंपाकघरात कोटा आणि ओट्याला कडप्पा तात्यांनी स्वतः घातला. देवघरापुरता संगमरवर ही आईची इच्छा. आणि पोरानं वरच्या मजल्यावर एक खोली काढली तिला मोरबीची विट्रिफाइड, इतकी गुळगुळीत की तात्या तिथं मोजे घालून गेले आणि उताणे पडले. एकाच छपराखाली सहा फरश्या. कुठल्याही दोन खोल्यांची पातळी एक नाही, आणि खाली प्रत्येक दारात उंबरा.

तात्यांनी घराचा नकाशा काढला. प्रत्येक खोलीची फरशी, तिचे सांधे, उतार, उंबऱ्याची उंची. माजघराचा उंबरा साडेपाच इंच भरला. "साधं यंत्र दोन सेंटिमीटर चढतं," तात्या म्हणाले. "भारीतलं चार. म्हणजे माजघर गेलं." मग खाटेखालचं अंतर. यंत्राच्या डोक्यावर लेझरची गोल टोपी असते, तिच्यासकट ते दहा सेंटिमीटरला टेकतं. टोपी नसलेलं बुटकं असतं, पण त्याला खोलीचा नकाशा तितका नेटका काढता येत नाही. जुन्या शिसवी कपाटाखाली किती जागा आहे हे बघायला तात्या बॅटरी घेऊन सोप्यात पालथे पडले. टेप आत सरकवला. मग बराच वेळ हललेच नाहीत. काकू घाबरून धावत आल्या. कपाटाखाली हरवलेलं अडकित्त्याचं एक पातं, लेकीच्या लहानपणीचे सागरगोटे आणि एका दिवाळीतली न उडालेली भुईचक्रं निघाली होती आणि तात्या ती निरखत होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा या घरात वाकलात. आता खाली आहातच तर तेवढी जळमटं काढा."

तात्यांनी नोंद केली : सोपा, जळमटं, मध्यम.

त्यानंतरच्या संध्याकाळी राजवाड्याच्या चौपाटीवर पास्कलच्या नावानं गेल्या. ही यंत्रं विकणारे ओढ किती हे पास्कलमध्ये सांगतात. कुणी अडीच हजार, कुणी पाच, कुणी दहा हजारांच्याही पुढं. लोकांना वाटतं जितकं जास्त तितकं झाडणं चांगलं. तात्यांनी पाणीपुरीच्या गाडीशेजारी उभं राहून हा भ्रम फोडला. "दहा हजार पास्कल म्हणजे किती? एक मीटर उंच पाण्याच्या खांबाचा दाब. अडीच हजार म्हणजे वीतभर पाणी. आता तुम्ही सांगा मास्तर, गुळगुळीत टाइलवरचा केस उचलायला किती पाणी लागतं?" मी म्हटलं, केस उचलायला पाणी लागतं हे मला नवीनच. "वीतभर पुरतं! बाकीचं गालिच्यासाठी. लोकरीत घुसलेली धूळ ओढायला जोर पाहिजे. नाहीतर आमच्या शहाबादीच्या सांध्यासाठी. तुमच्याकडं गालिचा आहे?" मी सतरंजी आहे म्हणालो. "सतरंजी गुंडाळायची," तात्यांनी निकाल दिला, "तिच्या दशा ब्रशात जातात." गाडीवाल्यानं तोवर माझ्या पुऱ्या शेजारच्याला देऊन टाकल्या होत्या.

इतिहासही तोंडपाठ होता. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनं 2001 साली ट्रायलोबाइट नावाचं यंत्र बाजारात आणलं, पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या आयरोबोटनं रूम्बा. "दोन्ही देशांत उंबरे नाहीत," तात्या म्हणायचे, "म्हणून जमलं."

पण खरा प्रकार सांगलीच्या दुकानात झाला. तात्यांचं सूत्र असं की सोनं कसोटीवर घासून घेतात तर यंत्र फरशीवर चालवून का घेऊ नये. त्यांनी गल्लीत काम चाललेल्या घरांवरून शहाबादी, कोटा, मोझॅक आणि विट्रिफाइडचे तुकडे जमवले, ओट्याचा उरलेला कडप्पा माळ्यावरून काढला, दोन कापडी पिशव्यांत भरला आणि एसटीत चढले. कंडक्टरनं पिशवी उचलून बघितली आणि खाली ठेवली. "आजोबा, घर हलवताय का?" तात्या म्हणाले, "नमुने आहेत." कऱ्हाडपर्यंत शेजारच्या प्रवाशाला त्यांनी फरशीचे प्रकार सांगितले. कऱ्हाडला तो उतरला. त्याचं तिकीट सांगलीचं होतं असं तात्यांना नंतर आठवलं.

दुकानातला पोरगा उत्साही होता. "काका, हे घ्या, सगळ्यात जास्त हेच खपतं."

"कुठल्या फरशीवर?"

"सगळ्या फरशींवर चालतंय, काका."

तात्यांनी पिशवी उघडली. दुकानाच्या चकचकीत जमिनीवर पाच तुकडे ओळीनं मांडले, वर चिमूटभर रवा, दोन लसणाच्या साली आणि काकूंच्या फणीतला केसांचा गुंता टाकला. गिऱ्हाइकं जमली. यंत्र विट्रिफाइडवरून सरळ गेलं. मोझॅकवरून गेलं. कोट्यावर बाजूच्या फिरत्या ब्रशानं निम्मा रवा उडवून मालकाच्या टेबलाखाली घातला. शहाबादीवर थोडं अडखळलं, सांध्यातला रवा तसाच. आणि कडप्प्याच्या काठाशी जे थांबलं ते थांबलंच. रस्त्यावर पुराचं पाणी दिसल्यावर एसटी थांबते तसं. मागं सरलं, वळलं, पुन्हा आलं, पुन्हा थांबलं.

"बिघडलं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"बिघडलेलं नाही," तात्या म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू यंत्र त्यांनीच बनवलं होतं. "ते शहाणं आहे. पोटाखाली त्याला डोळे आहेत. खाली इन्फ्रारेड किरण सोडतं. परत आले तर जमीन, नाही आले तर खड्डा. जिन्यावरून पडू नये म्हणून ही सोय. काळा दगड किरण गिळतो. त्याला वाटतं पुढं विहीर आहे!"

मालकानं चहा मागवला. पोरगा खाली बसून कडप्प्यावर हात फिरवत होता. त्या दिवशी दुकानात आलेल्या तिघांनी यंत्र न घेताच पाय काढला, कारण तिघांच्याही घरी विट्रिफाइडला चारी बाजूंनी काळ्या ग्रॅनाइटचा पट्टा होता. आपल्याकडच्या फ्लॅटांत हा पट्टा का घालतात हे एकाही बिल्डरला विचारून उपयोग नाही. तो म्हणतो, शोभा येते.

लेकीनं शेवटी ऑनलाइन मागवलं. तिचं पहिलं घर गावभागात होतं. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा त्या घरातली लाकडी लॅमिनेटची जमीन फुगून उभी राहिली होती. (धोक्याची पातळी 45 फूट. सांगलीत नदीकाठी लाकडी जमीन घालणाऱ्या माणसाबद्दल तात्यांचं मत छापण्यासारखं नाही.) आता ती विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर. फरशी विट्रिफाइड, आणि अर्थातच प्रत्येक दारात ग्रॅनाइटची काळी पट्टी. यंत्र बेडरूममध्ये सोडलं की ते बेडरूमचंच राहायचं. जावईबापूंनी कुठंतरी वाचून पोटाखालच्या डोळ्यांवर पांढरी पट्टी चिकटवली. यंत्र बिनधास्त घरभर फिरू लागलं. तात्यांनी तांत्रिक आक्षेप नोंदवला, तो कुणी ऐकला नाही.

दुसरी अडचण तात्यांच्या कोष्टकात नव्हती. जावई हळदीच्या व्यापारात. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, याचा घरातल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण ती हळद संध्याकाळी मार्केट यार्डातून जावयाच्या कपड्यांवर, बुटांत आणि पिशवीत बसून घरीही येते. ती बारीक पूड यंत्राच्या फिल्टरमध्ये जाऊन बसली. ओल्या फडक्यानं उरलेली हळद खोलीभर सारखी पसरवली. लेकीनं फडकं साबणाच्या पाण्यात टाकलं तर ते लालभडक झालं. हळद साबणाला लागली की लाल होते हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं, पण यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात ते छापलेलं नव्हतं. तिनं घाबरून फोन केला. तात्यांनी अल्कलीची सगळी रासायनिक प्रक्रिया समजावली. फोन मध्येच काकूंनी घेतला आणि सांगितलं, "उन्हात टाक, जाईल."

पट्टी लावलेलं तेच यंत्र दिवाळीत साताऱ्याला आलं. तात्यांनी वेळापत्रक लावलं : सकाळी दहा. तिन्हीसांजेला नाही, कारण दिवेलागणीला केर काढला तर लक्ष्मी जाते. हा नियम यंत्रालाही लागू आहे असा काकूंचा निर्वाळा होता. टाकीत फिनेल घालायचं नाही म्हटल्यावर काकूंचा निम्मा विश्वास उडाला. वास आल्याशिवाय फरशी पुसली असं त्यांना वाटत नाही. यंत्रानं सोप्यातली शहाबादी बरी काढली. मग दारातल्या रांगोळीवरून गेलं, आणि मोराचा पिसारा ओटीपासून कोनाड्यापर्यंत ओढत नेला. पुढं सोप्याच्या कडेला आलं. डोळे बांधलेले. समोर दोन पायऱ्या आणि खाली आजोबांची पाषाणाची फरसबंदी.

आवाज मोठा झाला.

धुणंभांड्याच्या मावशी त्या वेळी चौकात भांडी विसळत होत्या. त्यांनी हात पुसले, यंत्र उलटं करून बघितलं, पोटाखालची पट्टी नखानं खरवडून काढली आणि म्हणाल्या, "आवो तात्या, आंधळ्याला जिन्यावर सोडत्यात व्हय?" मग कुंचा घेतला आणि रांगोळी गोळा करता करता, कुणी न विचारता, सगळं घर सांगितलं. कपाटाच्या डाव्या अंगाच्या शहाबादीचा टवका उडालाय, तिथं माती साठते. कोट्याला मोरीकडं उतार आहे, पुसायला वरून सुरुवात करावी लागते. संगमरवरावर लिंबू सांडलं की डाग बसतो, म्हणून देवघरात पितळ घासायचं नाही. वरच्या खोलीत यंत्र फिरवा, तिथं उंबराही नाही आणि काळं काहीच नाही. आठवडाभर टेप घेऊन तात्यांनी जे पाच पानांत उतरवलं होतं, ते मावशींनी रांगोळी भरून होईस्तोवर सांगून टाकलं, आणि त्यात दोन गोष्टी जास्त होत्या.

तात्यांनी वही आणली आणि मावशींना पुन्हा सांगायला लावलं. एवढा मोठेपणा या जातीत असतो, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

तेव्हापासून यंत्र वरच्या खोलीत आहे आणि तिथं उत्तम चालतं. खाली मावशी आहेत, दिवाळीपासून त्यांचा पगारही वाढलाय. काकूंनी तो तात्यांना न विचारता वाढवला. विचारणाऱ्याला तात्या आता एका दमात निकाल देतात : सलग गुळगुळीत टाइल असेल, दारात उंबरा आणि काळी पट्टी नसेल, तर अडीच-तीन हजार पास्कलचं साधं यंत्र घ्या, घरात गालिचे असतील तर पुसायचं फडकं आपोआप वर उचलणारं बघा, जुना वाडा असेल तर पैसे बँकेत ठेवा. सल्ला चांगला आहे. फक्त तो एका दमात दिला की पुढचा पाऊण तास कारणमीमांसेचा असतो.

सध्या त्यांच्याकडं खिडकीच्या काचेला चिकटून काच पुसणाऱ्या यंत्राची चौकशी सुरू आहे आणि ते काचेचे नमुने गोळा करताहेत. ज्यांच्या घराच्या खिडक्या रस्त्यावरून दिसतात, त्यांनी संध्याकाळी पाचनंतर पडदे ओढून घ्यावेत.