फक्त चाचणीसाठी

ज्या सॉफ्टवेअरवर ‘फक्त चाचणीसाठी, प्रत्यक्ष कामकाजात वापरू नये’ असं बजावलेलं असतं, ते नेमकं प्रत्यक्ष कामकाजात वापरायला निघणारी एक जमात आहे. मी तिच्या भोसरी शाखेचा आजीव सभासद. शहाणी माणसं पहिली आवृत्ती दुसऱ्यांना वापरू देतात, त्यांचं काय होतं ते लांबून बघतात आणि मग पाकिटाला हात घालतात. आमच्या जमातीला पहिली आवृत्तीसुद्धा उशिरा आली असं वाटतं.

२००८ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टनं विंडोज सर्व्हर २००८ पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. त्याच्या ६४-बिट आवृत्तीत हायपर-व्ही होतं, पण बीटा अवस्थेत. एका यंत्राच्या पोटात चार-पाच सर्व्हर चालवायची ही सोय. पक्की आवृत्ती सहा महिन्यांच्या आत देऊ, असं कंपनीनं सांगून ठेवलं होतं. एवढं स्पष्ट आश्वासन मिळाल्यावर कुणीही समंजस माणूस सहा महिने थांबला असता. मी गुरुवारपर्यंत थांबलो.

गुरुवारच का, तर पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. मी तेव्हा भोसरीच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा ‘कम्प्युटरवाला’ होतो. माझ्या ताब्यात तीन सर्व्हर होते. एक हिशेबाचा, एक फायलींचा आणि एक हजेरीचा. त्यातला हजेरीचा म्हणजे १९९६ सालचं विंडोज एनटी ४. त्याची देखभाल खुद्द कंपनीनं २००४ अखेर थांबवली होती आणि हजेरीचा प्रोग्रॅम लिहून देणारे गृहस्थ दुबईला निघून गेले होते. त्या यंत्राचा पंखा अशी घरघर करायचा, की मालक येता-जाता दारातूनच विचारायचे, ‘काय, आहे ना अजून?’

या तिघांना एकाच नव्या यंत्रात घालायचं, असं मी मालकांपुढे मांडलं. मांडलं म्हणजे व्याख्यानच दिलं. ही कल्पना काही नवी नाही, आयबीएमनं साठच्या दशकातच आपल्या अगडबंब यंत्रांवर हे करून पाहिलं आणि १९७२ साली व्हीएम/३७० बाजारात आणलं. कुठल्या प्रोसेसरवर हे सरळ जमेल आणि कुठल्या नाही, याच्या अटी पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी १९७४ साली मांडल्या. आपले घरगुती इंटेलवाले प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हते. तरी व्हीएमवेअरनं १९९९ साली नुसत्या सॉफ्टवेअरच्या करामतीवर ते जमवलं. पुढं २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनी प्रोसेसरमध्येच तशी सोय करून टाकली. मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘विजेचं बिल कमी होईल का?’

‘होईल.’

‘मग करा.’

पोपेक आणि गोल्डबर्ग अक्षरशः वाया गेले.

हायपर-व्हीची रचना पेठेतल्या जुन्या वाड्यासारखी असते. आधी तुम्ही यंत्रावर साधं विंडोज बसवता. ते ऐसपैस पसरतं, सगळा वाडा आपलाच समजतं. मग तुम्ही हायपर-व्ही चालू करता, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं, आणि तेवढ्या वेळात हायपरवायझर नावाचा खरा मालक गुपचूप तळात जाऊन बसतो. कालपर्यंतचे मालक विंडोज आता पहिल्या खोलीतले भाडेकरू. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याकडेच, बाकीच्या भाडेकरूंची ये-जाही तेच बघणार, त्यामुळं आपली मालकी गेल्याचं त्यांना कळतसुद्धा नाही.

आमचा खरा मालक मात्र तळात जाऊन बसायला तयार होईना. भाडेकरूची खोली तयार करून मी ‘स्टार्ट’ म्हटलं, की उत्तर येई : हायपरवायझर चालू नाही. यासाठी बायॉसमध्ये दोन गोष्टी चालू कराव्या लागतात. एक प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय आणि दुसरी, मेमरीच्या ज्या भागात नुसता डेटा आहे तिथून प्रोग्रॅम चालू न देणारी संरक्षणाची सोय. दोन्ही चालू केल्या, यंत्र रीस्टार्ट केलं, उत्तर तेच. मग दोन्ही बंद करून पुन्हा चालू केल्या. जरा दटावून चालू केल्या. उत्तर तेच. दुपारपर्यंत माझ्या चेहऱ्यावर जे काही उमटलं होतं, ते बघून वॉचमनकाका आत आले.

‘काय बिघडलं साहेब?’

मी त्यांना मेमरीच्या संरक्षणाबद्दल सांगू लागलो. त्यांनी मध्येच हात वर केला. ‘पिन काढून परत लावली का? आमचा टीव्ही असंच करतो.’

मी दयेनं हसलो, आणि ते गेल्यावर पिन काढून परत लावली. हायपरवायझर सुरू झाला. बायॉसमधला तो बदल लागू व्हायला नुसतं रीस्टार्ट पुरत नाही, वीज पूर्ण तोडावी लागते, हे सूचनापत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं. सूचनापत्र मीच छापून घेतलं होतं. चहाचा कप त्याच्यावरच ठेवला होता.

सर्व्हरच्या खोलीत एसीनं बोटं आखडायला लागली, म्हणून मी बाहेर केबिनमध्ये बसलो आणि लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपनं सर्व्हरला हात घातला. इथं एक गंमत होती. नव्या भाडेकरूच्या खोलीत ‘इंटिग्रेशन सर्व्हिसेस’ बसवल्याशिवाय रिमोट डेस्कटॉपवरून तिथं माउस चालत नाही. त्या बसवायच्या तर समोर येणाऱ्या खिडकीत ‘ओके’ दाबायचं. माउसनं. खाली पट्टीवर लिहिलेलं, ‘माउस सोडवण्यासाठी कंट्रोल-आल्ट-डावा बाण’. माउस अडकलेलाच नव्हता, मग सोडवायचा कशाला, एवढा विचार करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. बुडत्याला बाणाचा आधार. तिन्ही बटणं एकदम दाबली.

माउस सुटला नाही. लॅपटॉपचा पडदा मात्र नव्वद अंशांत आडवा झाला.

माझ्या लॅपटॉपच्या इंटेलच्या ग्राफिक्समध्ये हीच तीन बटणं पडदा फिरवण्यासाठी राखलेली होती, हे ज्ञान मला तिथं, त्या अवस्थेत झालं. पडदा पूर्ववत करायला कंट्रोल-आल्ट-वरचा बाण दाबायचा असतो, हे ज्ञान बऱ्याच उशिरा झालं. तोपर्यंत मी लॅपटॉप उघड्या पुस्तकासारखा कुशीवर उभा केला होता आणि डाव्या हातानं त्याला धरून उजव्या हाताच्या एका बोटानं टॅब, टॅब, एंटर करत होतो. वॉचमनकाका चहा घेऊन आले, दारात थबकले, लॅपटॉपकडे आणि माझ्या कललेल्या मानेकडे आळीपाळीनं बघितलं. या वेळी त्यांनी काही सुचवलं नाही. चहा लांबवर ठेवून ते गेले.

एनटीसाठी तर वेगळाच मानपान. इंटिग्रेशन सर्व्हिसेस त्याच्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या. तो काही हायपर-व्हीच्या अधिकृत पाहुण्यांत नव्हता. पण प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये एक चौकट होती : ‘विंडोज एनटीसारखी जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालवा’. तिच्यावर टिक केली, की आजचा प्रोसेसर आपली नवी कौतुकं लपवून म्हाताऱ्याला झेपेल तेवढंच सांगतो. नेटवर्कसाठी त्याला जुन्या डेक कंपनीच्या २११४० चिपचं सोंग करणारं ‘लेगसी’ कार्ड दिलं, ते त्यानं लगेच ओळखलं. दुपारी तीनच्या सुमारास हजेरीचा प्रोग्रॅम नव्या घरात उघडला. त्या सुवर्णक्षणी मी स्नॅपशॉट घेतला. स्नॅपशॉट म्हणजे यंत्र त्या क्षणी जसं होतं, तसंच्या तसं गोठवून ठेवणं. डिस्क तर आलीच, मेमरीसकट. पुढं काही बिघडलं, तर एका क्लिकमध्ये पुन्हा इथं येता येतं. घरघरणाऱ्या जुन्या खोक्याचा मी समारंभपूर्वक स्विच बंद केला.

शुक्रवार निर्विघ्न गेला. शनिवारी साडेबाराला वीज गेली. यूपीएस धापा टाकायला लागला, तसा मी सर्व्हर नीट बंद केला. नीट बंद केला, की हायपर-व्ही पोटातल्या यंत्रांना आहे त्या स्थितीत झोपवून ठेवतं. अडीचला वीज आली, सगळे उठले. हिशेबाचा आणि फायलींचा सर्व्हर जागे होताच इंटिग्रेशन सर्व्हिसेसनी त्यांच्या कानात खरी वेळ सांगितली. एनटीला सांगणारं कुणीच नव्हतं. त्याच्या लेखी वीज गेलीच नव्हती आणि साडेबाराच वाजले होते.

पावणेतीनला दुसऱ्या पाळीची माणसं आली, ती पाऊणला आल्याची नोंद झाली. दोन तास जादा. पहिली पाळी तीनला सुटली, ती एकलाच पळाल्याची नोंद झाली. दोन तास कापले. त्या खोट्या यंत्राच्या खोट्या घड्याळावर खऱ्या माणसांचे पगार लागत होते, हे माझ्या व्याख्यानात राहूनच गेलं होतं. पहिली पाळी माझ्या केबिनबाहेर जमली. दुसऱ्या पाळीतल्या काहींनी मला पहिल्यांदाच नमस्कार केला.

आता सरळ घड्याळ दोन तास पुढं करायचं आणि नोंदी हातानं सुधारायच्या, हे कुणालाही सुचलं असतं. पण माझ्याकडे स्नॅपशॉट होता! एका क्लिकमध्ये सगळं पूर्वीसारखं. मी क्लिक केलं, सगळं पूर्वीसारखं झालं, आणि दुसऱ्या पाळीला पुन्हा एकदा कार्डं ओढायला लावून विजयी मुद्रेनं घरी गेलो.

पूर्वीसारखं म्हणजे गुरुवारसारखं. डिस्क गुरुवारची, मेमरी गुरुवारची, घड्याळ गुरुवारचं. सॉफ्टवेअरनं वचन दिल्याबरहुकूम काम केलं होतं, त्याच्याकडे बोट दाखवायला काडीची जागा नव्हती. रविवारी सकाळी मालकांच्या टेबलावर जो हजेरीपट आला, त्यानुसार शुक्रवारी कारखान्यात चिटपाखरू फिरकलेलं नव्हतं, शनिवार उजाडलेलाच नव्हता आणि गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, शनिवारची अख्खी दुसरी पाळी हौसेनं कामावर आली होती.

कारखाने कायद्याचं ५९ वं कलम तेव्हा जादा कामाला दुप्पट दर सांगत होतं. आमच्याकडे करारानं तोच दर सुट्टीच्या दिवसालाही लागू होता. युनियनच्या पुढाऱ्यांना दोन्ही तोंडपाठ. ते हजेरीपटाची प्रत घेऊनच मालकांसमोर बसले. ‘आमचं काही म्हणणं नाही साहेब. कम्प्युटर खोटं बोलत नाही, असं तुम्हीच बोर्डावर लावलंय.’

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. विजेच्या बिलाचा विषय कुणीच काढला नाही.

गेलेली हजेरी शेवटी कॅन्टीनच्या उधारीच्या वहीतून उभी केली. ज्याच्या नावावर शुक्रवारी मिसळ आहे तो हजर. दोन मिसळी असतील तर ओव्हरटाइम. घरून डबा आणणाऱ्यांसाठी दोन साक्षीदार. उपास करणाऱ्या एका फिटरला स्वतःचं अस्तित्व सिद्ध करायला सोमवार उजाडला. कॅन्टीनवाले रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसून नावं वाचत आणि मी ती एकेक करून भरे. कुठं भरे, तर त्या घरघरणाऱ्या जुन्या खोक्यात. मालकांनी ते स्वतः उभं राहून पुन्हा चालू करवून घेतलं होतं.

हायपर-व्हीची पक्की आवृत्ती २६ जून २००८ ला आली. बीटातले स्नॅपशॉट आणि झोपवलेली यंत्रं तिच्यात तशीच नेता येत नाहीत, आधी आवरून घ्यावी लागतात, हे या वेळी मी वाचलं. मालकांनी हिशेबाचा आणि फायलींचा सर्व्हर नव्या आवृत्तीवर न्यायला परवानगी दिली, हजेरीला हात लावायचा नाही या अटीवर. ही बातमी कशी कोण जाणे शॉपफ्लोअरवर पोचली. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत युनियनचे पुढारी केबिनच्या दारात उभे.

‘साहेब, नवीन आलंय म्हणे.’

‘हो. पण हजेरी त्यात टाकणार नाही. काळजी करू नका.’

त्यांचा चेहरा उतरला. ‘तसं नाही हो,’ ते आवाज खाली आणून म्हणाले, ‘पोरं विचारत होती, नव्यातपण गुरुवार येतो का?’