म्हातारी मेल्याचं दुःख

मे महिन्यात पुण्याहून अकोल्याला निघालेल्या माणसाला सहसा दोनच कारणं असतात, लग्न नाहीतर मयत. मला तिसरं होतं. आमच्या आत्याचा कुलर बिघडला होता आणि दुरुस्ती करणारा आठवडाभर नुसताच "येतो" म्हणत होता. कुलरमधलं मला ओ का ठो कळत नाही. पण घरात पुरुषमाणूस दिसला की मेकॅनिक लवकर येतो, असा आत्याचा अनुभव आहे.

आत्या ८१ वर्षांची. तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे तिच्यापुढे शब्द जपून वापरावे लागतात. कधी वही तपासायला घेईल याचा नेम नाही. मी पोचलो त्या दिवशी सकाळी अकरालाच कैरीचं पन्हं करून पेला तिच्यापुढे ठेवला, वर बशी झाकली. मग खिडक्या लावल्या, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं आणि आम्ही गप्पा मारत बसलो. कोपऱ्यावरचा जुना कडुनिंब रस्ता रुंद करताना गेला, हे ती सांगत होती. मी अग्रलेखाच्या गांभीर्याने म्हणालो, "एका झाडाचं काही नाही गं आत्या. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो."

आत्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"दुःख काऊन नाही?"

"अगं, म्हण आहे ती."

"म्हण आहे हे मीच शिकवलं तुला. म्हातारी मेली, तर दुःख काऊन नाही, ते सांग."

पन्नास वर्षं ही म्हण मी बिनदिक्कत वापरत आलोय. भाषणांत, पत्रांत, सोसायटीच्या वार्षिक सभेत. त्यातल्या म्हातारीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ती बिचारी पहिल्या तीन शब्दांत येते, मरते, आणि आपण तिला ओलांडून घाईघाईने काळाकडे जातो. तिचं वय किती, ती कशाने गेली, दुपारी घरात कोण होतं, काही म्हणजे काही विचारत नाही. आता माझ्यासमोर एक म्हातारी जिवंत बसली होती आणि जाब विचारत होती.

मला उत्तर सुचेना म्हणून मी विषय बदलला आणि तिला स्वित्झर्लंडला नेलं. आपल्याकडे हा देश म्हणजे बर्फ, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई आणि टूरवाल्यांनी डोंगरावर वाढलेली मसालेभाताची पानं. मी सांगत होतो तो प्रकार वेगळा होता. २०१६ मध्ये तिथे म्हाताऱ्या बायकांनी एक संस्था काढली. जर्मन नाव 'क्लीमाझेनिओरिनेन', म्हणजे हवामानासाठी एकत्र आलेल्या ज्येष्ठ महिला. बाईमाणूस हवं आणि निवृत्तीचं वय, म्हणजे तेव्हाचं ६४, ओलांडलेलं हवं. पुढे सभासद दोन हजारांवर गेल्या, सरासरी वय ७३.

"सहली काढतात का?" आत्याने विचारलं. तिच्या महिला मंडळाचा मुख्य कार्यक्रम शेगाव.

"नाही. सरकारवर खटला भरतात."

आत्या सरसावून बसली.

हवामानबदलाची चळवळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोरंसोरंच येतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोमला संसदेबाहेर शाळा बुडवून हाताने रंगवलेल्या पाटीसह बसलेली पंधरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग, आणि मग तिच्यामागोमाग दर शुक्रवारी जगभर रस्त्यावर आलेली मुलं. नाहीतर २०२२ मध्ये लंडनला व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांवर टोमॅटो सूप फेकणाऱ्या त्या दोघी. त्याच महिन्यात जर्मनीत पॉट्सडॅमला मोनेच्या चित्रावर कुस्करलेले बटाटे फेकले गेले. मी हे सांगितलं तेव्हा आत्याने आधी चित्रांना काच होती का ते विचारलं. होती म्हटल्यावर, "मग अन्न कशाला वाया घालवलं?" एवढंच म्हणाली. जगातल्या बहुतेक कलासमीक्षकांपेक्षा हा मुद्दा मला जास्त अडचणीचा वाटतो.

तर आज्यांनी सूप स्वयंपाकघरातच ठेवलं आणि वकील गाठले. त्यांना बळ आणि पैसा ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने पुरवला, हे लपवण्यासारखं नाही आणि त्यांनी लपवलंही नाही. टीकाकार म्हणाले, आज्यांना पुढे करून मागे भलतेच उभे आहेत. असतील. आपल्या गल्लीतल्या गणपतीमागेही कुणीतरी असतोच, म्हणून आरती खोटी होत नाही.

पण बायकाच का, आणि म्हाताऱ्याच का? ही कायद्याची गंमत आहे. कोर्टात जायचं तर इतरांपेक्षा आपल्याला जास्त त्रास होतो हे दाखवावं लागतं. ऊन सगळ्यांनाच लागतं म्हटलं, की ते कुणालाच लागत नाही. आमच्या सोसायटीत गच्ची गळते तेव्हा हेच होतं. एकाच्या बेडरूममध्ये ओल आली की अर्ज, पाहणी, दुरुस्ती. पाण्याची टाकी सगळ्यांची, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच.

म्हणून त्यांना स्वतःचं म्हातारपण सिद्ध करावं लागलं. जन्मभर ज्या वयाचा उल्लेख चारचौघांत टाळला, तेच पुरावा म्हणून फाइलला लावायचं! जोडीला डॉक्टरांचे दाखले, दम्याचे, हृदयाचे. पुरावे शोधायला लांब जावं लागत नव्हतं. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेच्या लाटेने सत्तर हजारांवर माणसं गेली. एकट्या फ्रान्समध्ये पंधरा हजारांच्या घरात, आणि त्यांतल्या बहुतेक म्हाताऱ्या. ऑगस्ट महिना. सगळा देश सुट्टीवर समुद्रकाठी, डॉक्टरसुद्धा. वरच्या मजल्यावरच्या बंद घरात आजी एकटी. पोरं परत आली तेव्हा उशीर झाला होता.

म्हातारपणी शरीर घाम कमी गाळतं, रक्ताभिसरण मंदावतं आणि सगळ्यांत घातकी म्हणजे तहानच कळेनाशी होते. शरीराला पाणी हवं असतं, पण आतली घंटा वाजत नाही. हे मी आत्याला अगदी तज्ज्ञासारखं समजावून सांगितलं. बोलता बोलता नजर समोरच्या तिपाईवर गेली. अकराला ठेवलेला पेला बशीखाली तसाच काठोकाठ भरलेला होता. दुपारचे अडीच वाजले होते.

"आत्या, पन्हं?"

"घेईन बाप्पा. तहानच नाही लागली. तू पुढचं सांग."

पुढचं असं, की स्वित्झर्लंडमध्ये त्या एकापाठोपाठ एक हरत गेल्या. २०१७ मध्ये सरकारी खात्याने अर्ज परत केला. २०१८ मध्ये एका कोर्टाने म्हटलं, हवामानबदलाचा त्रास काही म्हाताऱ्या बायकांनाच होतो असं नाही. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी छान कारण दिलं. तापमानवाढीची धोक्याची मर्यादा इतक्यात ओलांडली जाणार नाही, ती रोखायला अजून वेळ आहे.

"त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला सांगितलं, वेळ आहे म्हणून?" आत्या हसायलाच लागली. तिला ठसका लागेपर्यंत हसली. मी ती संधी साधून पेला पुढे केला. तिने तो हातात घेतला आणि बोलण्याच्या नादात परत खाली ठेवला.

मग आज्या स्ट्रासबर्गला गेल्या, युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात. ४६ देश या न्यायालयाच्या कक्षेत येतात. त्या इमारतीचा फोटो मी मोबाइलवर आत्याला दाखवला. नदीकाठी दोन अजस्र गोल स्टीलचे बुरूज, वरून तिरके कापलेले. "हे तर गव्हाचे डबे," ती म्हणाली. त्यानंतर मलाही त्यात दुसरं काही दिसलेलं नाही. त्या डब्यांत १७ न्यायाधीशांपुढे २०२३ च्या मार्चमध्ये सुनावणी झाली, आणि ९ एप्रिल २०२४ ला निकाल लागला. १६ विरुद्ध १. आज्या जिंकल्या.

म्हणजे, जवळजवळ. संस्थेबरोबर चार बायकांनी स्वतंत्रपणेही अर्ज केले होते, दाखले जोडून. न्यायालय म्हणालं, तुमचा व्यक्तिगत त्रास पुरेसा तीव्र दिसत नाही. ते अर्ज फेटाळले. संस्थेचा मान्य केला. व्यक्तींना आत घेतलं तर उद्या सगळा युरोप घाम पुसत रांगेत उभा राहील, ही भीती मला समजते. तरी गंमत ही, की ज्यांना घाम येतो, चक्कर येते, रात्री श्वास लागतो, त्या हरल्या. जिला अंगच नाही, ती संस्था उकाड्याने त्रासली हे सिद्ध झालं. त्या चौघींपैकी एक तर निकालाआधीच वारल्या.

हे सांगितल्यावर आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. पडद्यावरचं पाणी वाळलं होतं. मी उठून पुन्हा दोन तांबे मारले.

सरकारवर ठपका कशाचा, तर देशाने वातावरणात आणखी किती कार्बन सोडायचा याचा आकडाच ठरवला नाही, आणि जे करायचं ते वेळेत केलं नाही. २०२० साठी स्वतःच ठरवलेलं उद्दिष्टसुद्धा हुकलं होतं. आता पाहा, स्वित्झर्लंड कशासाठी प्रसिद्ध, तर बँका आणि घड्याळं. आणि दोषी ठरला तो हिशेब आणि वेळ, याच दोन विषयांत. वर्गातला हुशार मुलगा नेमका पाठ असलेल्या प्रश्नाला नापास व्हावा तसं झालं.

त्याच दिवशी त्याच न्यायालयात पोर्तुगालच्या सहा मुलामुलींचा खटलाही निकालात निघाला. त्यांनी एका दमात तीसहून जास्त देशांवर दावा लावला होता. आधी आपल्या देशातल्या कोर्टात जाऊन या, असं सांगून तो परत पाठवला. नातवंडं हरली, आज्या जिंकल्या. ग्रेटाही तिथे आली होती. शाळा बुडवणारी मुलगी आता एकवीस वर्षांची होती आणि पांढऱ्या केसांच्या बायकांच्या घोळक्यात उभी होती.

"आपल्याकडे असं काही नाही का झालं?" आत्याचा हा प्रश्न अपेक्षितच होता.

झालं, आणि तेही बरोबर एकोणीस दिवस आधी, २१ मार्च २०२४ ला. पण आपल्याकडे आज्या नव्हत्या, माळढोक होता. राजस्थान-गुजरातेत विजेच्या तारांवर आपटून माळढोक मरतात, म्हणून वन्यजीवरक्षक एम. के. रणजितसिंह आणि इतर मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. त्या तारा पुष्कळशा सौरऊर्जेच्या. म्हणजे हवामान वाचवायचं तर पक्षी मरतो, पक्षी वाचवायचा तर सौरऊर्जा अडते. न्यायालयाने हे तोलता तोलता सांगून टाकलं, की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हा नागरिकांचा हक्क आहे. पक्षी गेला होता आपल्या जिवासाठी, हक्क मिळाला माणसांना. पक्ष्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली.

"समितीत एखादा माळढोक घेतला का?"

नाही म्हटलं.

स्वित्झर्लंडच्या आज्यांचंही पुढे फार काही झालं असं नाही. निकालानंतर त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ठराव करून सांगितलं, आम्ही पुरेसं करतोय, न्यायालयाने आमच्या कामात ढवळाढवळ करू नये. हे लोक एरवी कशावरही सार्वमत घेतात. २०२१ मध्ये जनतेने कार्बनचा कायदा थोडक्या मतांनी पाडला होता, २०२३ मध्ये दुसरा मंजूर केला. २०१९ मध्ये तर पिझोल नावाची हिमनदी वितळून संपत आली, तेव्हा अडीचशेच्या आसपास माणसं काळे कपडे घालून डोंगर चढली आणि तिची रीतसर अंत्ययात्रा केली.

"नदीची?"

"बर्फाच्या नदीची."

"म्हणजे नदी मेल्याचं दुःख आहे त्यांना," आत्या म्हणाली. मग तिने चष्मा परत डोळ्यावर चढवला, आणि मी ओळखलं की आता वही तपासली जाणार. "आता तुझी म्हण दुरुस्त करून घे. 'नाही, पण' खोड. 'आहे, आणि' लिही."

पाचच्या सुमाराला मेकॅनिक आला. माझ्याकडे पाहून, "साहेब, पंप जळला" म्हणाला आणि वीस मिनिटांत नवा बसवून गेला. आठवडाभर हेच काम पडून होतं. आत्याने मला डोळ्यानेच खूण केली, बघ, म्हटलं नव्हतं का. कुलर सुरू झाला. पहिला वारा गरमच आला, मग गवत भिजलं तसा ओला वास सुटला, आणि खोली माणसात आली.

रात्री मंडळाच्या अध्यक्षबाईंना आत्याचा फोन चालला होता. दर बुधवारचं भजन चारला असतं, ते सहाला घ्या, असा तिचा प्रस्ताव होता. कारण विचारलं असावं. "अहो, कारण काय? आम्ही म्हाताऱ्या आहोत हे कारण," असं तिने ठणकावून सांगितलं. पलीकडून बहुधा अध्यक्षबाईंनी स्वतःचं वय अमान्य केलं असावं, कारण पुढची दहा मिनिटं त्यावरच गेली.

फोन ठेवल्यावर तिला पेला आठवला. बशी बाजूला केली, मावळलेल्या रंगाचं ते पन्हं हलवलं, दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ घालायचं राहिलं रे यात."