केंब्रिजला जाऊन रशियन कसं व्हावं?

क्रांतीत घरदार गेलं? अरेरे. पण रडत बसू नका, ऑक्टोबरात कॉलेजं उघडतात. व्लादिमीर नाबोकॉव्ह नावाचा पोरगा १९१९ साली ट्रिनिटी कॉलेजात आला आणि १९२२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. त्याचाच कित्ता गिरवायचा आहे.

१. पैसा. मामाची इस्टेट विसरा. ती १९१६ मध्ये तुम्हाला मिळाली आणि पुढच्याच वर्षी बोल्शेविकांना. आईचे मोती विकायला काढा. शिष्यवृत्ती मागताना गुणांपेक्षा हालअपेष्टा पुढे करा.

२. ट्यूटरची पहिली भेट. खोलीत अंधूक उजेड असेल. साहेबांच्या खुर्चीशी, थेट गालिच्यावर, किटली आणि कपबश्या मांडलेल्या असतील. आत्मविश्वासाने पुढे व्हा आणि पाय बरोबर त्यातच घाला. खळ्ळकन आवाज झाला की ओळख पक्की.

३. थंडी. "तुम्ही रशियाचे, तुम्हाला कसली आलीय थंडी!" असं लोक म्हणतील. हसा. रशियात घरं तापवतात, हे सांगू नका. फायरप्लेस पेटेना, तर तिच्या तोंडावर 'द टाइम्स'चं अख्खं पान दोन्ही हातांनी धरा. वारा आत ओढला जाईल, पान मधोमध तांबूस होईल आणि मग भप्पकन पेटेल. रशियावर अग्रलेख असेल तर आधी वाचून घ्या.

४. अभ्यास. आधी प्राणिशास्त्र घ्या. ते सोडून फ्रेंच आणि रशियन घ्या, म्हणजे जे लहानपणापासून येतं तेच. लायब्ररी कुठे आहे याची चौकशीसुद्धा करायची नाही. मात्र बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर दालचा रशियन शब्दकोश दिसेल, चार खंड, अडीच शिलिंग. घासाघीस न करता उचला आणि रोज दहा पानं वाचा. इंग्लंडमध्ये राहून इंग्रजी कुणालाही येतं. तुम्हाला तिथे रशियन टिकवायचंय.

५. खेळ. गोलकीपर व्हा. चेंडू पलीकडच्या टोकाला गेला की खांबाला टेका आणि रशियन कविता जुळवा. चेंडू आत गेलाच, तर यमक साधलं होतं एवढं समाधान पुरे.

६. राजकारण. लेनिन मुळात भला माणूस, हे तिथली समाजवादी पोरं तुम्हाला समजावून सांगतील. त्यांनी वाचलंय; तुम्ही नुसते तिथे राहत होता. वादसभेत वडिलांचा लेख पाठ म्हणा आणि तो संपला की गप्प बसा. परत भाषणाच्या वाटेला जाऊ नका.

७. शेवटचं वर्ष. मार्चमध्ये बर्लिनच्या सभेत वडिलांना गोळ्या घालतील. यावर माझ्याकडे युक्ती नाही. परत या, पेपर लिहा. सेकंड क्लास मिळेल.

८. पुनर्भेट. पंधरा-सोळा वर्षांनी, नोकरीच्या शोधात, त्याच ट्यूटरच्या दारात उभे राहा. साहेब तुम्हाला ओळखणार नाहीत. नाव सांगून काही उपयोग नाही. पुढे व्हा, कपबश्या अजून गालिच्यावरच आहेत.