हास्केलपंतांच्या घरी लूप चालत नाही

राजमान्य राजश्री हास्केलपंत यांसी, सोलापूरहून एका नवशिक्याचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, गेले दोन महिने मी आपल्या भाषेत प्रोग्रॅम लिहितोय आणि ऑफिसातले जाणकार ते वाचून म्हणतात, ‘चालतंय, पण हास्केल वाटत नाही.’ आता चालतंय तर अडलं कुठं? आमच्या गावात घरी तेलुगू, दुकानात कन्नड, रिक्षात मराठी आणि भांडणात तिन्ही. ‘बे’ सगळीकडे. तुझं वाक्य मराठी वाटत नाही म्हणून कुणी कुणाला परत पाठवत नाही.

पहिलं काम साधं होतं: दहा बिलांची बेरीज. आपल्याकडे लूप नाही, एकदा ठेवलेली किंमत बदलत नाही, हे कळल्यावर मी पायथनची सवय मागच्या दारानं आत घेतली. आयओरेफ नावाचा डबा आणला, एकेक बिल उचलून त्यात भर टाकत गेलो. नऊ ओळी, उत्तर बरोबर. सिनियरनं नऊही खोडून एकच शब्द लिहिला: ‘सम’. वर चहा माझ्याच पैशानं प्याला.

पण लूप नाही म्हणजे काय, पंत? जॅकार्डच्या चादरींच्या गावाला हे सांगता? भोकं पाडलेले पुठ्ठे एकमेकांना ओवायचे, टोकाला टोक बांधायचं. माळ फिरत राहते, नक्षी पुन्हा पुन्हा उमटते. १८०४ सालचा हा जॅकार्ड माग. त्याचे पुठ्ठे बॅबेजनं आपल्या गणितयंत्रासाठी उचलले. आपण तर १९९० चे.

एकदा ‘एक्स = एक्स + १’ लिहिलं. आपण मुकाट ठेवून घेतलंत. मागितल्याशिवाय काही मोजायचं नाही, हा आळस आपल्याकडे गुण. मग एक्स किती, असं विचारलं. कॉम्प्युटरचा पंखा घरघरला, उत्तर नाही. आपल्या लेखी ती बेरीज नव्हतीच, एक्सची व्याख्या होती. एक्स शोधायला आपण एक्सकडेच जात राहिलात.

आणि ती घडी, म्हणजे आपला ‘फोल्ड’! चादरीची घडी डावीकडून घातली की उजवीकडून, माझ्या आईला आजवर फरक पडलेला नाही. मी दहा लाख आकड्यांची यादी डावीकडून घडी केली, तर आपण प्रत्येक बेरीज ‘करू नंतर’ म्हणत मेमरीत रचत बसलात. उपाय काय, तर ‘फोल्डएल’च्या शेवटी एक टिकली, अपॉस्ट्रॉफीची.

काल मात्र घात झाला. धाकटा भाऊ पायथनमध्ये लूप लावून मार्कांची बेरीज करत होता. माझ्या तोंडून गेलं, ‘चालतंय बे, पण नुसतं सम लिही की.’ त्यानं मान वर करून बघितलं, आणि चहाचे पैसे मागितले.

आपला (नाइलाजानं),
एक नवशिका, साखर पेठ, सोलापूर