रूट नसताना सर्व्हर कसा वापरावा

प्रथम सुडो मारून पाहावा. सगळेच मारतात. पासवर्ड विचारला जातो, तुम्ही तो इमानाने भरता, आणि तुमचे नाव यादीत नाही, सबब घटनेची नोंद वर कळवली जाईल, असा निरोप येतो. घाबरू नये. लॉग वाचण्याइतकी सवड अ‍ॅडमिनला असती, तर त्याने तुमच्या ईमेलला उत्तर दिले असते.

मग आपली इस्टेट पाहून घ्यावी. होम डिरेक्टरी तुमची, बाकी सगळे रूटचे. रूटचा वापरकर्ता क्रमांक शून्य, तुमचा बहुधा हजाराच्या पुढे. यावरून काय ते समजावे.

प्रोग्राम बसवायचा असल्यास अ‍ॅप्टच्या नादी लागू नये. सोर्स उतरवून घ्यावा, कॉन्फिगर करताना प्रीफिक्स म्हणून होममधलाच एक फोल्डर द्यावा, मग मेक, मग मेक इन्स्टॉल. प्रीफिक्स विसरल्यास कंपायलर तासभर आनंदाने राबतो आणि अगदी शेवटी ‘परमिशन डिनाइड’ म्हणतो. आधी सांगण्याची तिथे पद्धत नाही. एवढे करूनही शेलला तुमचा प्रोग्राम दिसत नसेल, तर पाथमध्ये आपला बिन फोल्डर सर्वांत पुढे घालावा.

लॅपटॉप मिटून झोपायचे असल्यास काम टीमक्समध्ये सोडावे. मात्र 2016 साली सिस्टमडीच्या 230व्या आवृत्तीने, माणूस लॉगआउट झाला की त्याच्या मागे उरलेल्या प्रोसेस मारून टाकायच्या, असे ठरवले आणि टीमक्सवाल्यांनी आकाशपाताळ एक केले. डेबियनने ती सोय बंद ठेवली. तुमच्याकडे काय आहे, ते सकाळी कळेल.

वेब सर्व्हरसाठी 80 नंबरचा पोर्ट मागू नये. 1024च्या खालचे सगळे राखीव असतात. 8080 घ्यावा आणि एसएसएचच्या बोगद्यातून घरी आणावा.

आता नाइस. 19पर्यंत नम्र व्हायला कोणाची परवानगी लागत नाही. उणे 20पर्यंत उर्मट व्हायला मात्र रूटच लागतो. शिवाय एकदा वाकलात की सहसा पुन्हा ताठ होता येत नाही. ही अट ज्याने घातली, त्याने सरकारी कचेरीत नक्की खेटे घातले असणार.

सामायिक क्लस्टरवर लॉगिन नोड जड कामाने कधीही अडवू नये. स्लर्मच्या रांगेत जॉब टाकावा आणि बसावे. नंबर केव्हा लागेल याचा अंदाज स्लर्म विचारल्यावर देतो. त्या वेळेवर विसंबून जेवायला मात्र जाऊ नये.